बॉर्डरलाइनच्या रुग्णाला 'नाटकी' म्हणणे आता पुरे



बहुतेक आजारांचे निदान डॉक्टर करतात. एका आजाराचे निदान मात्र आई-वडील, नवरा, सासू, शेजारी, वॉर्डातली सिस्टर आणि अनेकदा डॉक्टरसुद्धा एकाच शब्दात करून मोकळे होतात: "नाटकं!" या आजाराचे नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, थोडक्यात बीपीडी. मराठीत याला सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात.

मी मनोविकारतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे. पण हे रुग्ण आधी आमच्याकडेच येतात. छातीत धडधडते म्हणून, झोप येत नाही म्हणून, आणि कधी हातावरच्या जखमेला पट्टी बांधायला. बरोबरचे नातेवाईक दमलेले आणि चिडलेले असतात. "डॉक्टर, घरात सगळं आहे हो, काय कमी आहे हिला?" असे विचारतात. या लेखात मी नेहमीसारखी फक्त माहिती देणार नाही, एक बाजू घेणार आहे. माझे म्हणणे असे: बीपीडी हा बरा होऊ शकणारा आजार आहे. त्याचा मुख्य उपचार गोळ्यांचा नसून शिकवण्याचा आहे. आणि तो उपचार रुग्णापर्यंत न पोहोचण्याचे एक मोठे कारण म्हणजे आपण त्याच्यावर मारलेला 'नाटकी' हा शिक्का.

आजार नेमका काय आहे?

'बॉर्डरलाइन' हा शब्द १९३८ मध्ये अमेरिकन मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी अशा रुग्णांसाठी वापरला. त्या काळी मनोविकारांचे दोन मोठे गट मानत, न्यूरोसिस आणि सायकोसिस. हे रुग्ण दोन्हींच्या सीमेवर आहेत असे वाटे, म्हणून हे नाव. आज ती कल्पना मागे पडली, नाव तेवढे राहिले. त्यामुळे "बॉर्डरलाइन आहे, म्हणजे थोडंसंच आहे ना?" असे नातेवाईक विचारतात. बॉर्डरलाइन शुगरसारखा हा प्रकार नाही. हा पूर्ण आजार आहे.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निकषांत एकूण ९ लक्षणे आहेत, त्यांतली किमान ५ असावी लागतात:

- कोणी सोडून जाईल याची प्रचंड भीती आणि ते टाळण्यासाठी आटापिटा
- तीव्र आणि अस्थिर नाती: आज देव, उद्या दानव
- 'मी नक्की कोण?' याबद्दल सतत गोंधळ
- उतावळेपणा: खर्च, व्यसन, बेफाम गाडी चालवणे, खाण्यावर ताबा नसणे
- वारंवार आत्महत्येचे प्रयत्न, धमक्या किंवा स्वतःला इजा करणे
- काही तासांत वर-खाली होणारी भावनिक अवस्था
- आतून कायम रिकामे वाटणे
- न आवरणारा राग
- ताणाखाली तात्पुरता संशय येणे किंवा 'मी माझ्यात नाही' असे वाटणे

यातले एखादे लक्षण वाचून "अरे, हे तर आमच्या जावेचं वर्णन!" असे ठरवू नका. लक्षणे वर्षानुवर्षे, सगळ्या नात्यांत आणि आयुष्य विस्कटेल इतकी असावी लागतात. निदान मनोविकारतज्ज्ञानेच करायचे. बायपोलर आजाराशी याची गल्लत फार होते. बायपोलरमध्ये चढलेली किंवा उतरलेली अवस्था कित्येक दिवस, आठवडे टिकते. बीपीडीमध्ये सकाळी आनंद, दुपारी संताप, रात्री जगणे नकोसे, असे एकाच दिवसात होते आणि बहुधा कोणाच्या तरी बोलण्या-वागण्यावरून होते.

समाजात याचे प्रमाण साधारण १ ते २ टक्के धरले जाते. दवाखान्यात स्त्रिया जास्त दिसतात, पण समाजात केलेल्या मोठ्या पाहणीत स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास सारखे आढळले आहे. पुरुषाला 'तापट' किंवा 'बेवडा' म्हणून सोडून देतात आणि स्त्रीला 'नाटकी' म्हणतात, एवढाच फरक.

'नाटक' या शब्दाचा हिशेब

आता या शब्दाकडे येऊ. नाटकाला प्रेक्षक लागतो. स्वतःला इजा करणारे कित्येक रुग्ण ती महिनोन्‌महिने लपवतात. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालतात. बीपी तपासायला बाही वर करा म्हटले की दुसरा हात पुढे करतात. हे कोणत्या प्रेक्षकांसाठी?

मग ते असे का करतात? बहुतेक रुग्ण एकच उत्तर देतात: आतला त्रास सहन होत नाही आणि त्या क्षणी थोडा वेळ सुटल्यासारखे वाटते. मार्ग घातक आहे, पण कारण खरे आहे. कोणाला तरी काही सांगायचे असते, हेही कधीकधी खरे. पण चांगल्या शब्दांत मागून कधीच मिळाले नाही आणि जीवावर उठल्यावरच घर धावत आले, असे वर्षानुवर्षे झाले असेल, तर त्या माणसाला दुसरी भाषा शिकवली कोणी?

"ती काही खरं करणार नाही, नुसती धमकी देते" ही सर्वांत धोकादायक समजूत. जुन्या दीर्घ पाठपुराव्यांत बीपीडीच्या १० टक्क्यांपर्यंत रुग्णांचा मृत्यू आत्महत्येने झालेला आढळला. अलीकडच्या अभ्यासांत हा आकडा कमी दिसतो, तरी सर्वसामान्य लोकांच्या मानाने तो कितीतरी मोठा आहे. पूर्वीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा मानला जातो. म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण "हे तिचं नेहमीचंच" म्हणतो, तीच गोष्ट "जपा" असे ओरडून सांगत असते.

आणि या शब्दाने रुग्णालयात काय होते? पोट धुतले जाते, टाके पडतात, पोलिसांची नोंद होते, दोन दिवसांत डिस्चार्ज. मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी कधी मिळते, कधी नाही. जखमेचा फॉलोअप असतो, जखम का झाली याचा नसतो. हार्ट अटॅकच्या रुग्णाला आपण असे घरी पाठवू का?

गोळ्यांचा ढीग

दुसरी तक्रार आम्हा डॉक्टरांबद्दलच आहे. बीपीडीच्या अनेक रुग्णांच्या फायलीत नैराश्याची एक गोळी, मूड स्थिर ठेवणारी एक, सायकोसिसची एक, झोपेची एक आणि 'लागेल तेव्हा' घ्यायची एक, अशी पाच-पाच औषधे दिसतात. प्रत्येक संकटात एक गोळी वाढते, कमी कधीच होत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की अमेरिकेच्या औषध नियामकाने खास बीपीडीसाठी आजवर एकही औषध मंजूर केलेले नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की केवळ बीपीडीसाठी किंवा त्यातल्या एकेका लक्षणासाठी औषधे वापरू नयेत. अल्प्राझोलामसारख्या शामक गोळ्यांनी काही रुग्णांचा संयम आणखी सुटतो. शिवाय तीस गोळ्यांची पूर्ण बाटली घरात असणे हाच एक धोका असतो.

याचा अर्थ औषधे फेकून द्या असा अजिबात नाही. सोबत नैराश्य, व्यसन, तीव्र चिंता असे दुसरे आजार बरेचदा असतात आणि त्यांना औषध लागते. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. पण तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना हे जरूर विचारा: "यातली प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि कधी बंद होणार?" धोका असेल तेव्हा एका वेळी आठवड्याचीच औषधे आणा आणि ती घरच्यांनी सांभाळावीत.

डीबीटी: शिकवण्याचा उपचार

आता मुख्य उपचाराकडे. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे द्वंद्वात्मक वर्तनोपचार, हा अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केला. १९९१ मध्ये त्याची पहिली शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली आणि १९९३ मध्ये उपचाराचे पुस्तक. २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितले, की १९६१ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला इजा करत असत. तेव्हा त्यांच्यावर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला. गोळ्या झाल्या, विजेचे झटके झाले, एकांतात कोंडणे झाले. दोन वर्षांहून जास्त काळ त्या तिथे होत्या. 'नाटकी' म्हणून जिला सहज सोडून दिले असते अशा मुलीने पुढे हा उपचार उभा केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

'द्वंद्वात्मक' या जड शब्दाचा अर्थ सोपा आहे. दोन विरुद्ध वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. "तू आत्ता जशी आहेस, तुला जे वाटते आहे, ते समजण्यासारखे आहे" ही एक बाजू. "आणि तुला बदलावे लागेल" ही दुसरी. नुसता स्वीकार केला तर रुग्ण आहे तिथेच राहतो. नुसते "बदल, बदल" म्हटले तर त्याला वाटते, मला कोणी समजूनच घेत नाही, आणि तो उपचार सोडून जातो. डीबीटीत थेरपिस्ट दोन्ही हात एकाच वेळी धरतो.

यामागचे गृहीतक असे. काही माणसे जन्मतःच भावनांच्या बाबतीत पातळ कातडीची असतात. त्यांना लवकर लागते, जास्त लागते आणि शांत व्हायला वेळ लागतो. अशा मुलाला "रडायला काय झालं?", "एवढ्याशा गोष्टीवरून?", "गप बस, तुला काही झालेलं नाही" असेच ऐकायला मिळत गेले, किंवा त्याहून वाईट म्हणजे मारहाण वा लैंगिक अत्याचार वाट्याला आले, तर आपल्या भावनेला नाव देणे, ती सोसणे, ती शांत करणे हे ते शिकतच नाही. म्हणजे दोष चारित्र्याचा नाही, कौशल्याची उणीव आहे. आणि कौशल्य शिकवता येते.

संपूर्ण डीबीटीत चार भाग असतात:

- आठवड्यातून एकदा थेरपिस्टबरोबर वैयक्तिक भेट
- आठवड्यातून एकदा, दोन-अडीच तासांचा कौशल्यांचा वर्ग, गटामध्ये, गृहपाठासकट
- मधल्या काळात अडचण आली तर थेरपिस्टला थोडक्यात फोन करण्याची सोय
- थेरपिस्ट लोकांची आपापसातली नियमित बैठक, कारण हे काम दमवणारे आहे आणि दमलेला थेरपिस्टही "नाटकं" म्हणू लागतो

वर्गात काय शिकवतात?

१. *सजगता.* आत्ता मनात काय चालले आहे ते भांडण न करता पाहणे. "घरचे विपश्यनेला पाठवू का विचारतात" असे बरेच जण म्हणतात. डीबीटीतली सजगता म्हणजे दहा दिवसांचे मौन शिबिर नाही. ती मिनिट-दोन मिनिटांची, डोळे उघडे ठेवून, भांडी घासताना किंवा लोकलमध्ये उभे असतानाही करायची गोष्ट आहे. जीवाला धोका असताना रुग्णाला एकटे दूरच्या शिबिराला पाठवू नये.

२. *त्रास निभावून नेणे.* भावनेची लाट शिखरावर असताना प्रश्न सुटत नसतो, तेव्हा तो आणखी बिघडू न देता वेळ काढायचा असतो. श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात बुडवला, किंवा डोळ्यांखाली व गालांवर बर्फाची पिशवी धरली, की पाणबुड्या प्राण्यांमध्ये असतो तसा प्रतिक्षेप जागा होतो आणि नाडी मंदावते. हे निव्वळ शरीरशास्त्र आहे. मात्र हृदयविकार, मंद नाडी, बीटा-ब्लॉकर गोळ्या किंवा उपाशी राहण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. जोरात जिने चढणे, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ देणे, हेही यातच येते.

३. *भावनांचे नियमन.* भावनेला नेमके नाव द्यायचे. 'टेन्शन आलं' हे नाव नव्हे. राग आहे, लाज आहे, मत्सर आहे की भीती? मग वस्तुस्थिती तपासायची. भावना वस्तुस्थितीला धरून नसेल तर तिच्या उलट कृती करायची: लाजेने तोंड लपवावेसे वाटते तेव्हा मान वर करून लोकांत जायचे. झोप, जेवण, व्यायाम, दारूपासून लांब राहणे हेही याच धड्यात आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकांना ओळखीची आहे. विचार तपासणे तिथलेच वाटेल. पण डीबीटी आधी शरीर आणि भावना शांत करायला शिकवते, कारण पेटलेल्या डोक्यात विवेक शिरत नाही.

४. *नाती सांभाळणे.* हवे ते स्पष्ट मागणे, नको त्याला नाही म्हणणे, आणि हे करताना नाते व स्वाभिमान दोन्ही राखणे. "तुला माझी पर्वाच नाही!" याऐवजी "काल तू नऊला येतो म्हणालास आणि अकराला आलास. मला काळजी वाटली. उशीर होणार असेल तर एक मेसेज कर" असे बोलण्याचा वर्गात सराव करून घेतात.

एक उदाहरण: साखळी उलगडणे

वैयक्तिक भेटीत काय होते ते कळावे म्हणून एक कल्पित उदाहरण देतो. समजा, पुण्यात नोकरी करणारी, पीजीमध्ये राहणारी २४ वर्षांची मुलगी आहे. मंगळवारी रात्री तिने स्वतःला इजा केली. घरचे म्हणतात, "मित्राने मेसेजला उत्तर दिलं नाही, एवढ्यावरून!"

थेरपिस्ट तिच्याबरोबर कागदावर एकेक कडी मांडतो. सोमवारी रात्री तीन तास झोप. मंगळवारी दुपारचे जेवण नाही, फक्त चहा. चार वाजता टीम लीडर सगळ्यांसमोर बोलला. सहाला मित्राला मेसेज. निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. मनात विचार: 'यालाही माझा कंटाळा आला.' छातीत आग, हात थरथरणे. सात ते आठमध्ये सतरा फोन. त्याने फोन बंद केला. विचार: 'मी आहेच अशी, सगळे सोडूनच जाणार.' मग इजा. वीस मिनिटे शांत. मग शरम. मग आईचा फोन: "पुन्हा सुरू झाली तुझी नाटकं?" आणि पुढच्या साखळीची पहिली कडी तयार.

आता प्रत्येक कडीपाशी विचारायचे: इथे काय वेगळे करता आले असते? झोप आणि जेवण ही पहिली जागा. 'कंटाळा आला' या विचाराला पुरावा काय, तो मीटिंगमध्ये असू शकतो का, ही दुसरी. छातीत आग झाली तेव्हा थंड पाणी, ही तिसरी. इजा करण्याच्या आधी थेरपिस्टला फोन, ही चौथी. चुकलेल्या माणसाला ओरडण्याऐवजी साखळी तोडण्याच्या चार जागा सापडल्या. एकेका आठवड्यात एकेक जागा पक्की करत जायचे. रोज डायरीचे एक कार्ड भरायचे: भावना किती तीव्र, इजेची इच्छा किती, कोणते कौशल्य वापरले.

भेटीत काय आधी बोलायचे याचाही क्रम ठरलेला असतो. पहिले, जिवाला धोका. दुसरे, उपचारातच येणारे अडथळे, उदाहरणार्थ भेटी चुकवणे. तिसरे, आयुष्य बिघडवणाऱ्या बाकीच्या गोष्टी.

पुरावा काय?

१९९१ च्या चाचणीत वर्षभर डीबीटी घेतलेल्या स्त्रियांमध्ये, नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत, स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले, इजा कमी गंभीर झाल्या, रुग्णालयातले दिवस घटले आणि उपचार टिकले. नैराश्य आणि निराशेच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण डीबीटी म्हणजे जादू नाही. ती आधी माणूस जिवंत ठेवते. आनंद त्यानंतर, सावकाश.

"चांगला थेरपिस्ट मिळाला की कोणताही उपचार चालतो" असा आक्षेप होता. म्हणून २००६ च्या चाचणीत १०१ स्त्रियांवर डीबीटीची तुलना नावाजलेल्या तज्ज्ञांच्या उपचारांशी केली. डीबीटीच्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण निम्मे निघाले.

दुसरी बाजूही सांगतो. २००९ मध्ये टोरांटोत १८० रुग्णांवर डीबीटीची तुलना एका सुसूत्र, बीपीडीसाठीच आखलेल्या साध्या मनोविकार उपचाराशी केली, तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारले. डीबीटीच्या कट्टर समर्थकांना हे आवडत नाही. मला ते फार आशादायक वाटते. आजार समजून घेणारा, ठरलेल्या पद्धतीने आणि न कंटाळता केलेला उपचार असेल, तर रुग्ण सुधारतात. सुधारत नाहीत ते अपमान आणि धरसोड यांनी. २०२२ मध्ये कॅनडातल्याच २४० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांची डीबीटी वर्षभराच्या डीबीटीपेक्षा कमी पडली नाही.

आणि "हे कधी सुधारत नाहीत" या म्हणण्याचे काय? बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातील मेरी झनारिनी यांनी, दाखल कराव्या लागलेल्या २९० बीपीडी रुग्णांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे निकषांच्या खाली आली आणि किमान दोन वर्षे तशीच राहिली. नोकरी, नातेसंबंध यांसह पूर्ण सावरले ते निम्मे. म्हणजे लढाई लांब आहे, पण हरलेली नाही.

नेहमीचे आक्षेप

*"असं समजून घेतलं तर ती आणखी डोक्यावर बसेल."* समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. डीबीटीत उलट शिस्त कडक असते. इजा करण्याआधी फोन केला तर थेरपिस्ट मदत करतो. केल्यानंतर मात्र २४ तास असा फोन करता येत नाही, जीव वाचवण्याची वैद्यकीय मदत तेवढी मिळते. लक्ष मिळते ते कौशल्य वापरण्याला, इजेला नाही.

*"लग्न करून दिलं की सुधारेल."* ज्या आजाराचे मूळच जवळच्या नात्यातल्या भीतीत आहे, त्यावर नवे, सर्वांत जवळचे नाते हा उपचार कसा होईल? यात दोन घरांचे हाल होतात. आधी उपचार, मग लग्न, आणि तेही तिच्या इच्छेने.

*"बाहेरचं काहीतरी आहे, एकदा दाखवून घेऊ."* देवाला नमस्कार करायला कोणाची हरकत नाही. पण अंगारा-धुपाऱ्यात आणि मारझोडीत गेलेले महिने परत येत नाहीत.

*"हे श्रीमंतांचे, परदेशी चोचले."* आज खासगीत खर्च परवडत नाही हे खरेच आहे. पण कौशल्यांच्या वर्गाला लागते काय? एक खोली, एक फळा, दोन प्रशिक्षित माणसे आणि मराठीत छापलेले कागद. मधुमेहींना आहार शिकवण्याचे वर्ग आपण सरकारी दवाखान्यांत घेतोच. पुन्हा पुन्हा आयसीयूत भरती करण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

मागणी कोणाकडे?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे आहे. तिला उपचार आणि पुनर्वसन देऊन पुढचा धोका कमी करणे ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ सारखे सरसकट शिक्षेचे कलम उरलेले नाही. त्याच २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरायला सांगितले आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात निदान एक कौशल्यवर्ग मराठीतून चालू व्हावा. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर मनोविकारतज्ज्ञाची भेट ठरल्याशिवाय डिस्चार्ज कार्डवर सही होऊ नये. आणि एमबीबीएसच्या मुलांना या आजाराबद्दल शिकवताना 'मॅनिप्युलेटिव्ह' हा शब्द फळ्यावरून पुसावा.

घरच्यांनी काय करावे?

- "त्यात काय एवढं?" ऐवजी "तुला खूप लागलंय, दिसतंय मला" म्हणा. उपाय नंतर सुचवा.
- भांडण पेटलेले असताना शहाणपण शिकवू नका. दोघेही शांत झाल्यावर बोला.
- मर्यादा आधी सांगा आणि पाळा. "ओरडलीस तर मी दहा मिनिटं बाहेर जाईन, पण परत येईन." यातले 'परत येईन' हे शब्द विसरू नका.
- कौशल्य वापरलेले दिसले की लगेच बोलून दाखवा.
- औषधे, कीटकनाशके यांसारख्या गोष्टी कुलपात ठेवा.
- मरणाचे बोलणे आले तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, मोकळे व्हायला जागा मिळते. मग एकटे सोडू नका.
- स्वतःचीही काळजी घ्या. तुम्ही दमलात, तर तो गुन्हा नाही.

थेरपिस्ट निवडताना विचारा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का? डीबीटीचे प्रशिक्षण किती दिवसांचे, आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले? कौशल्यवर्ग आहे का, की नुसत्या गप्पा? संकटात फोनचा नियम काय? शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे सर्टिफिकेट भिंतीवर लावून 'डीबीटी तज्ज्ञ' झालेले आता दिसू लागले आहेत, त्यांच्यापासून सावध. संपूर्ण डीबीटी जवळपास मिळत नसेल, तर बीपीडीचे रुग्ण नियमित पाहणारा एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक धरून ठेवा. डॉक्टर बदलत राहू नका.

आणि रुग्ण म्हणून तुम्ही हे वाचत असाल, तर तुमच्याशी थेट बोलतो. तुम्हाला जे वाटते ते खरे आहे. ते सोसायला तुम्हाला कोणी शिकवले नाही, ही तुमची चूक नाही. शिकावे मात्र तुम्हालाच लागेल, आणि ते शिकता येते. आज रात्र कठीण वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. तातडीचा धोका असेल तर १०८ किंवा जवळचे रुग्णालय गाठा. तिथे कोणी "नाटकं" म्हणाले, तर हा लेख त्यांच्या हातात द्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी आपल्या मनोविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटावे.)